हिरा निसर्गात गोल नसतो: जुन्या दागिन्यांतल्या गोल खड्यांविषयी

ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा जांभळी नाक्याजवळच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की घरोघरीच्या लॉकरमधले डबे बाहेर येतात आणि वाटण्या होण्याआधी एकदा सराफाच्या पेढीवर जाऊन येतात. अशा डब्यांत हमखास सापडणारी एक वस्तू म्हणजे हिऱ्याच्या कुड्या. मधोमध एक गोल हिरा, भोवती तेवढेच सहा गोल हिरे आणि मागे मळ, म्हणजे फिरकी बसवायची आटेदार दांडी. पेढीवरचा माणूस त्या भिंगाखाली धरतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: ‘जुना कट आहे, चमक कमी आहे.’ हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे, तर दागिन्यांत गोल खडा आला कुठून आणि तो कोणत्या उजेडासाठी घडवला गेला, हे आधी पाहावे लागते.

रत्नांमध्ये जन्मतःच गोल असणारे म्हणाल तर फक्त मोती, आणि तोही क्वचितच नेमका वाटोळा निघतो. बाकी खनिज रत्ने स्फटिकरूपात वाढतात आणि स्फटिकाला कोन असतात. पाचू सहा बाजूंच्या लांबट खांबासारखा वाढतो, माणकाचा स्फटिक बहुधा चपटा असतो आणि हिरा प्रामुख्याने अष्टफलकात, म्हणजे तळाला तळ लावून जोडलेल्या दोन चौकोनी पिरॅमिडांच्या आकारात मिळतो. त्यामुळे गोल खडा घडवायचा म्हणजे निसर्गाने दिलेले कोपरे घासून टाकायचे, आणि कोपरे टाकणे म्हणजे वजन टाकणे. अष्टफलकी हिऱ्यातून गोल हिरा काढताना साधारणपणे निम्म्याहून अधिक वजनाची पूड होते. ज्या वस्तूची किंमत रत्तीवर किंवा कॅरटवर ठरते तिच्यात एवढी नासाडी कोणी सहजासहजी करत नाही. म्हणून हिऱ्यातला गोल आकार आज सर्वांत सामान्य वाटत असला, तरी इतिहासात तो उशिरा आलेला आणि महाग पडणारा आकार आहे.

मऊ दगडांची कथा वेगळी. अकीक आणि कार्नेलियनचे मणी सिंधू संस्कृतीतील कारागीर साडेचार हजार वर्षांपूर्वी घडवत आणि भोके पाडून ओवत होते, आणि गुजरातेतील खंभातला हा धंदा आजही चालतो. मणी किंवा घुमटाकार खडा घडवायला पैलूंचे गणित लागत नाही. दगड फिरवत घासला, की तो आपोआप वाटोळा होत जातो. जगभरच्या जुन्या दागिन्यांत घुमटी खडे आढळतात त्याचे कारण मुख्यतः एवढेच आहे. काही रत्नांच्या बाबतीत मात्र घुमट ही सोय नसून गरज असते. लसण्याच्या आत समांतर, केसासारख्या बारीक तंतूंची दाटी असते. त्यांवर आपटलेला प्रकाश एका रेषेत गोळा होऊन मांजराच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखी पट्टी दिसते, पण खड्याचा तळ त्या तंतूंना समांतर आणि माथा गोलाईदार असेल तरच. नक्षत्री नीलमातला सहा किरणांचा तारा असाच दिसतो. अशा खड्याला पैलू पाडले तर खेळ तिथेच संपतो.

हिरा सर्वांत कठीण असल्याने त्याला घासायला हिऱ्याचीच पूड लागते. युरोपात चौदाव्या शतकात कारागिरांनी अष्टफलकाचे नैसर्गिक पृष्ठभाग थोडेसे घासून झळाळी आणायला सुरुवात केली, पंधराव्या शतकात वरचे टोक घासून सपाट ‘टेबल’ काढले आणि सोळाव्या शतकात तळ सपाट ठेवून वर त्रिकोणी पैलूंचा घुमट चढवला, ज्याला गुलाब कट म्हणतात. पूर्ण गुलाब कटाचे २४ पैलू असतात, आणि तो समोरून पुष्कळदा गोलच दिसतो. पातळ, चपट्या कच्च्या हिऱ्यातूनही तो निघतो, हा त्याचा मोठा फायदा. आपल्याकडच्या जडावाच्या कामात वापरला जाणारा पोलकी हिरा यापेक्षाही साधा असतो. त्यात नैसर्गिक आकाराला जेमतेम हात लावलेला असतो.

वजन राखायचे की प्रकाश वाढवायचा, हा तंटा आपल्या इतिहासातल्या एका हिऱ्यात स्पष्ट दिसतो. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा म्हणून ओळखला जाणारा नाशिक हिरा १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याचा मूळ ढब बराचसा राखून तो पुन्हा घडवला, तेव्हा ७८ कॅरटांहून थोडे अधिक उरले. पुढे १९४० साली न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांनी त्याला नव्या चवीप्रमाणे आयताकृती पैलू पाडले आणि तो ४३.३८ कॅरटांवर आला. कोहिनूरचेही तेच: १८५२ साली लंडनमध्ये तो १८६ कॅरटांवरून सुमारे १०६ कॅरटांपर्यंत उतरवला गेला. भारतीय कारागिराला प्रकाशाचे शास्त्र कळत नव्हते, असा याचा अर्थ लावला जातो तो मला पटत नाही. आपल्याकडे मोठा हिरा ही वजनाने मोजायची संपत्ती होती, आणि संपत्तीची पूड करणे शहाणपणाचे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

चौकोनाचा गोल कसा झाला

अठराव्या शतकापासून युरोपात जो पैलूदार हिरा रूढ झाला त्याला ओल्ड माइन कट म्हणतात. त्याचे पैलू आजच्या गोल हिऱ्याइतकेच, म्हणजे ५८. पण वरून पाहिले तर तो गोल नसून कोपरे बोथट केलेल्या उशीसारखा चौकोनी दिसतो, कारण कारागिराने अष्टफलकाचा चौकोन शक्य तेवढा वाचवलेला असतो. कड गोल करायची तर दोन काठ्यांवर दोन हिरे बसवून ते हातांनी एकमेकांवर घासावे लागत, आणि ते काम इतके कष्टाचे असे, की नेमका गोल आकार आणण्याचा हट्ट फारसा कोणी धरत नसे. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्याला आली तेव्हा यंत्रावर गोल केलेला हिरा जगात कुठेच नव्हता.

तो पुढच्या पंचवीस वर्षांत आला. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला, काही वर्षांत किम्बर्लीच्या खाणी सुरू झाल्या आणि आधी भारतातून व नंतर ब्राझीलमधून येणारा थोडका कच्चा माल एकदम मुबलक झाला. माल मुबलक झाला की थोडी नासाडी परवडते. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये हेन्री मोर्स वजनापेक्षा प्रमाणबद्धतेला महत्त्व देऊन हिरे घडवत होते, आणि त्यांच्याकडच्या चार्ल्स फील्ड यांनी १८७०च्या दशकात हिऱ्याची कड यंत्राने गोल करण्याची युक्ती काढली. १९०० सालाच्या आसपास हिरा कापणारी यांत्रिक करवत आली. आता अष्टफलकाचे टोक घासून वाया घालवण्याऐवजी ते कापून त्यातून दुसरा, लहान गोल हिरा काढता येऊ लागला. म्हणजे गोल आकार लोकप्रिय झाला त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच खाण, वाफ आणि करवत यांचीही कामगिरी आहे. साधारण १८९० ते १९३० या काळातल्या गोल हिऱ्याला ओल्ड युरोपियन कट म्हणतात, आणि आपल्याकडच्या पणजीच्या कुड्यांतले बरेचसे हिरे याच घराण्यातले असतात.

अँटवर्पच्या हिरेव्यवसायातील कुटुंबात जन्मलेले अभियंते मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ साली एका पुस्तकात गोल हिऱ्याचे कोन गणिताने मांडले: वरच्या भागाचा उतार ३४.५ अंश, खालच्या भागाचा ४०.७५ अंश आणि टेबलाची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के. आजचा गोल हिरा या आकड्यांच्या आसपास असतो. अर्थात पुस्तक निघाले म्हणून कारखाने दुसऱ्या दिवशी बदलले नाहीत. १९२० ते १९४०च्या दशकांत मधल्या धाटणीचे हिरे घडत राहिले, आणि म्हणूनच एकाच कुडीतल्या सात हिऱ्यांत दोन पिढ्यांचे कट सापडू शकतात. एखादा हिरा कधी तरी पडला आणि त्या जागी नवा बसवला गेला, हेही त्यावरून ओळखू येते.

भिंगाखाली काय दिसते

सराफाचे भिंग दहा पटींचे असते आणि ते कोणालाही विकत मिळते. भिंग डोळ्याशी घट्ट धरावे आणि दागिना हळूहळू जवळ आणावा. उलटे केले तर काहीच दिसत नाही. जुन्या गोल हिऱ्यात पहिल्यांदा नजरेत भरते ते मध्यभागी दिसणारे लहानसे वर्तुळ, जणू हिऱ्याला आरपार भोक पडले आहे असे. ते भोक नसते. जुन्या काळी खालचे टोक तुटू नये म्हणून ते थोडे घासून सपाट करत. त्या लहान पैलूला क्यूलेट म्हणतात, आणि प्रकाश तिथून मागे न फिरता खाली निसटत असल्याने तो काळपट ठिपक्यासारखा दिसतो. नंतर कड पाहावी. ती पारदर्शक नसून दळलेल्या साखरेसारखी खरबरीत, पांढरट असते, कारण दोन हिरे एकमेकांवर घासल्यावर जे उरले ते तसेच ठेवलेले असते. मग बाजूने पाहावे: वरचा भाग उंच, टेबल अरुंद आणि एकूण हिरा खोल. या खुणा एकत्र असतील तर हिरा जुन्या पद्धतीने घडवलेला आहे असे मानायला हरकत नाही. अलीकडे जुन्या धाटणीचे नवे हिरेही मुद्दाम घडवले जातात; तेव्हा केवळ कटावरून वय ठरवू नये, मळ, फिरकी, सोन्याची झीज आणि जोडकामही सोबत पाहावे.

कुडीच्या रचनेत एक भूमिती लपलेली आहे. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची वर्तुळे ठेवत गेलो तर नेमकी सहा बसतात. प्रत्येक वर्तुळ मधल्याला आणि दोन्ही शेजाऱ्यांना टेकते आणि फट उरत नाही. हे दुसऱ्या कुठल्याही संख्येने साधत नाही. म्हणूनच सात सारख्या गोल खड्यांची कुडी डोळ्याला पूर्ण वाटते, आणि आठ मोत्यांची कुडी करायची झाली तर मधला खडा मोठा घ्यावा लागतो. नवरत्नाच्या अंगठीत मध्ये माणिक आणि भोवती आठ रत्ने असतात, तेव्हा चौकोनी मांडणी करावी लागते किंवा मधले माणिक मोठे निवडावे लागते, तेही याच कारणाने. गोल खड्याचे कारागिराला असलेले आकर्षण मोठ्या अंशी असे व्यवहारी आहे: त्याला तुटणारे कोपरे नसतात, बसवताना दिशा जुळवावी लागत नाही, पत्र्याला भोक पाडले की घर तयार होते, आणि लहान हिरे चक्क चाळणीने चाळून मापानुसार वेगळे करता येतात. त्या अगदी लहान गोल हिऱ्यांना पूर्वी ५८ नव्हे, तर १७ किंवा १८ पैलूच पाडत, आणि जुन्या दागिन्यातले असे हिरे कमी प्रतीचे आहेत असे समजण्याचे कारण नाही; तेवढ्या मापाला तेवढे पैलू पुरतात.

चमक कमी म्हणजे नेमके काय

हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पृष्ठभागावर पोचतो तेव्हा तो बाहेर निसटणार की मागे फिरणार, हे कोनावर अवलंबून असते. हिऱ्यासाठी हा निर्णायक कोन सुमारे २४.४ अंशांचा आहे, काचेसाठी तो ४२ अंशांच्या आसपास असतो. पृष्ठभागावरच्या लंबाशी प्रकाशाने यापेक्षा मोठा कोन केला तर तो पूर्णपणे परत फिरतो. म्हणून हिऱ्यात प्रकाश कोंडून वर पाठवणे काचेपेक्षा कितीतरी सोपे जाते. टोलकोव्स्कींचे कोन हेच साधतात. जुन्या हिऱ्यातून थोडा प्रकाश खालून निसटतो, आणि त्या अर्थाने पेढीवरचे वाक्य खरे आहे.

मात्र चमक ही एकच गोष्ट नाही. पांढऱ्या उजेडाचे परत येणे वेगळे आणि त्यातून फुटणारे लाल, निळे, केशरी रंग वेगळे. हिऱ्याच्या उंच, तिरक्या पैलूंतून बाहेर पडताना प्रकाशातले रंग एकमेकांपासून फाकतात. डोळ्याच्या बाहुलीत एकाच वेळी सगळे रंग शिरले तर आपल्याला पुन्हा पांढरेच दिसते. फाकलेल्या पट्ट्यातला एखादाच रंग शिरला तर तो रंग दिसतो. नव्या हिऱ्यात खालचे पैलू लांबट आणि अरुंद असल्याने पुष्कळ बारीक ठिणग्या मिळतात. जुन्या हिऱ्यात तेच पैलू आखूड आणि रुंद असतात, त्यामुळे ठिणग्या कमी, पण एकेक मोठी, सावकाश उघडझाप करणारी आणि रंगीत. हे सर्वांत चांगले दिसते ते अंधाऱ्या खोलीतल्या एकट्या ज्योतीपुढे, आणि हे हिरे घडले तेव्हा संध्याकाळनंतर उजेड तेवढाच असे. समईपुढे बसलेल्या बाईच्या कानात हिऱ्याने जे करायचे, ते तो उत्तम करत होता.

यावरून एक साधी परीक्षा सुचते. वाशीच्या किंवा गोखले रोडच्या एखाद्या आधुनिक दालनात छतावर शेकडो टोकदार एलईडी दिवे असतात, आणि त्यांच्याखाली काचही लखलखते. त्या उजेडात जुन्या आणि नव्या हिऱ्याची तुलना करण्यात अर्थ नाही. दागिना दाराशी नेऊन मोकळ्या सावलीत पाहावा, तिथे हिऱ्याचा खरा रंग आणि त्यातली पिवळट झाक कळते. घरी ट्यूबलाइट बंद करून एकच लहान दिवा हातभर अंतरावर ठेवावा आणि दागिना हळू हलवावा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात कोणत्याच हिऱ्यातून रंग फुटत नाहीत, त्यामुळे तिथे निराश होऊन तो मोडीत काढायला निघू नये.

माणिक, मोती आणि जुनेपणाचा भ्रम

जुने म्हणजे अस्सल, ही समजूत रंगीत खड्यांच्या बाबतीत महागात पडते. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ साली ज्वालेतून अॅल्युमिनाची भुकटी सोडून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, आणि काही वर्षांतच कृत्रिम माणिक जगभर पोचले. ते काच नव्हे. रासायनिकदृष्ट्या ते माणिकच असते, तेवढेच कठीण. त्यामुळे शंभर वर्षे जुन्या नथीतले किंवा चिंचपेटीतले लाल खडे कारखान्यातले असू शकतात. भिंगाखाली नैसर्गिक माणकातल्या वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात, ज्वालेतल्या माणकात त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्यासारख्या वक्र असतात आणि कधी वायूचे बुडबुडेही दिसतात. सगळे खडे मापाने, रंगाने आणि स्वच्छतेने अगदी एकसारखे असतील तर शंका घ्यावी. उलट दिशेचीही गंमत आहे: जुन्या काळी माणिक म्हणून मिरवलेली कित्येक लाल रत्ने प्रत्यक्षात स्पिनेल, म्हणजे माणकासारखे दिसणारे वेगळेच खनिज, निघाली. ब्रिटनच्या राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ त्यांतलाच.

मोत्यांचे तर सारे गणितच गोलाईवर आहे. आखाती मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत भरत असे आणि तिथूनच बसरा मोती आपल्या तन्मण्यांत आणि नथींत आले. शिंपल्यात आपोआप तयार झालेला मोती सहसा थोडा तरी वेडावाकडा असतो. म्हणून सारखे, वाटोळे मोती जमवून एक सर करायला कधी कधी वर्षे लागत. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, मोती मिळवला, पुढे पूर्ण गोल मोतीही साधले आणि १९२०च्या दशकापासून ते बाजारात आल्यावर आखाती व्यापार कोसळला. अशा संवर्धित मोत्याच्या पोटात शिंपल्याचा घडवलेला गोल मणी असतो, म्हणूनच तो इतका नीट वाटोळा होतो. भोकाच्या तोंडाशी भिंग लावले तर मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेषा पुष्कळदा दिसते. खात्रीसाठी क्ष-किरण तपासणी लागते. थोडक्यात, जुन्या नथीतला मोती किंचित वाकडा असेल तर खट्टू होण्याऐवजी तो आधी तपासून घ्यावा.

धुणे, तपासणे आणि पुन्हा पैलू पाडणे

घरच्या दागिन्याची मागची बाजू बंद असेल तर तो पाण्यात घालू नये. कोंदणाच्या कामात खड्याखाली लाख भरलेली असते आणि खडा उजळ दिसावा म्हणून मागे चांदीचा वर्ख लावलेला असतो. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हीच रीत होती. पाणी आत शिरले की वर्ख काळा पडतो, आणि मग हिरा मेल्यासारखा दिसतो, त्यात हिऱ्याचा दोष नसतो. ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या यंत्रात मोती, पोवळे आणि पाचू घालू नयेत. मागून उघड्या घरात बसवलेले हिरे मात्र कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घरीच स्वच्छ होतात, आणि वर्षानुवर्षांचा तेलकट थर निघाल्यावर ‘चमक कमी’ ही तक्रार निम्म्याने उरते.

जुन्या सराफांच्या तोंडी ‘ब्लू जागर’ हे नाव अजून असते. दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेन खाणीतल्या निळसर झाकेच्या हिऱ्यांचे ते नाव, पण बाजारात ते बऱ्याच जुन्या हिऱ्यांना सर्रास लावले जाते. केवळ नावासाठी जादा पैसे देऊ नयेत. मोठा हिरा असेल तर विकणाऱ्या किंवा घेणाऱ्या पेढीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा. हिऱ्यांचा बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात असल्याने ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दाखल्यावर ‘ओल्ड युरोपियन’ असा उल्लेख आला आणि कटाची श्रेणी दिलेली नसली, तर त्यात वावगे काही नाही. ती श्रेणी नव्या गोल हिऱ्याच्या मोजमापांवर बेतलेली आहे, जुन्याला ती लागू करत नाहीत.

राहिला प्रश्न जुना हिरा नव्या पद्धतीने घडवून घेण्याचा. उंच माथा आणि खोल तळ उतरवताना वजन जाणारच, शिवाय व्यासही थोडा कमी होऊ शकतो. नव्या धाटणीचा एक कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि बाजारात दर कॅरटमागे ठरतो. हिरा एका कॅरटच्या आत उतरला की वजनाबरोबर दरही पायरी उतरतो. कडेला टवका उडाला असेल तर तेवढीच जागा दुरुस्त करून घेता येते. संपूर्ण हिरा पुन्हा घडवण्याआधी त्यानंतर किती वजन आणि किती व्यास उरेल याचा अंदाज कारागिराकडून लेखी मागावा, तो आकडा आणि त्याचा दर आजच्या किमतीशेजारी मांडावा, आणि कुडीतले उरलेले सहा हिरे जुनेच राहणार आहेत हेही लक्षात घ्यावे.